सही घसरली तेव्हा

यांची सही बिघडली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. ३४ वर्षं बँकेत कॅशियर, सही छापल्यासारखी. ती पेन्शनच्या कागदावर ओळीखाली घसरली. दिवसा पेंगायचे, रात्री टक्क जागे. एकदा चहात मीठ घातलं. ‘सत्तरी आली, चालायचंच,’ म्हणून आम्ही सोडून दिलं. वर मीच ओळखीच्या औषधवाल्याकडून झोपेची गोळी आणून दिली. दुसऱ्या दिवशी हे उठेचनात. लिव्हरच्या पेशंटला अशी गोळी परस्पर कधी देऊ नका.

सिरॉसिस आहे हे ठाऊक होतं, पण पोटातलं दुखणं डोक्यात शिरेल असं कुणाला वाटतं? डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, तर पंजे पाखरासारखे फडफडले. रक्तात अमोनिया वाढला होता. (त्याचं सॅम्पल बर्फात ठेवून लगेच लॅबला पोचवावं लागतं. आमचं पहिलं तासभर टेबलावर पडून वाया गेलं.) लॅक्टुलोजने उतार पडायचा, महिन्याभरात पुन्हा तेच. सोनोग्राफीत काही सापडेना. डाय देऊन सीटी स्कॅन केला तेव्हा कळलं, प्लीहेच्या शिरेपासून डाव्या किडनीच्या शिरेपर्यंत एक जाडजूड चोरवाट झाली होती. आतड्याकडचं रक्त लिव्हरमध्ये गाळून न निघताच अंगभर फिरत होतं, मेंदूतसुद्धा.

पोट फाडणार म्हणून मी धास्तावले. पण इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टने जांघेतल्या शिरेतून बारीक नळी किडनीच्या शिरेत, तिथून चोरवाटेत नेली, तारेच्या जाळीचं बूच बसवलं आणि मागे जिलेटिन फोम भरला. फक्त जागा बधिर केली होती. हे जागेच होते.

ही वाट बुजवली की तिथलं रक्त कुठे जाणार, हे मात्र आधीच विचारून घ्या. लिव्हरकडच्या शिरेतला दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगू शकतात, पोटात पाणी होऊ शकतं. लिव्हर फारच थकलेलं असेल तर डॉक्टर हे करायला धजत नाहीत, ते यासाठीच. आमची एंडोस्कोपी आधी झाली होती. नंतरची, हे ठणठणीत दिसतात म्हणून मीच पुढे ढकलली. एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्त गेलं होतं. धावपळ करून त्या शिरांना बँड बांधले.

आता एंडोस्कोपीची तारीख कॅलेंडरवर हेच लिहितात. लॅक्टुलोज मात्र गोडमिट्ट लागतं म्हणून चुकवतात, त्यावरून आमचं रोज वाजतं.