सकाळी गाडी एअर घेते, घाटात दम टाकते

प्रश्न : मी दिल्लीत सरोजिनी नगरला राहतो. फलटणला वडिलांचा 2004चा डिझेल ट्रक आहे. रात्रभर उभा राहिला की हँडपंप मारल्याशिवाय सुरू होत नाही. चढाला ताकद सोडतो. पंप खोलावा का? ट्रक दिल्लीला आणता येईल का?

उत्तर : पंप मुळीच खोलू नका. हँडपंप मारल्यावर गाडी लागते, म्हणजे रात्री डिझेल मागे टाकीकडे उतरतं आणि त्या जागी हवा शिरते. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढलं जातं, त्यामुळे तिथल्या फटीतून गळती दिसेलच असं नाही. फीड पंपातून फिल्टरकडे जाणाऱ्या नळीत वीतभर पारदर्शक पाइप जोडा आणि इंजिन चालू ठेवून बुडबुडे बघा. दिसले, तर टाकीऐवजी स्वच्छ कॅनमधून डिझेल द्या. बुडबुडे थांबले, तर दोष टाकीकडच्या नळीत. नाही थांबले, तर फीड पंपाच्या जोडाशी. तिथले तांब्याचे वायसर नवेच घाला, जुने पुन्हा आवळू नका. देशभर 2020पासून मिळणाऱ्या कमी गंधकाच्या डिझेलमध्ये जुने रबरी सील आकसू शकतात, तेही तपासा.

चढावर ताकद जाते त्यासाठी आधी फिल्टर आणि फीड पंपाची जाळी बघा. गाडी दम टाकताच टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचं छिद्र बुजलंय. शेवटी फिल्टरचा एअर स्क्रू ढिला करून, फेस थांबेपर्यंत हँडपंप मारा.

दिल्लीला मात्र आणू नका. 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांवरची तिथली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये उचलून धरली आहे.