श्वासावाटे पसरणारे विषाणू : साथ ओसरल्यानंतरचे कार्य

सर्दी, खोकला आणि ताप ही दुखणी आपल्या इतक्या परिचयाची आहेत की, त्यांची फारशी दखल घेण्याची आवश्यकता कुणास वाटत नाही. ऋतू पालटला की घरोघरी काढा उकळतो आणि चार दिवसांत माणूस कामास लागतो. परंतु याच मार्गाने, म्हणजे श्वासावाटे, पसरणाऱ्या विषाणूंनी १९१८, २००९ आणि २०२० या वर्षांत महाराष्ट्राचे जनजीवन ढवळून काढले. प्रत्येक वेळी साथ आली तेव्हा धावपळ झाली आणि ती ओसरताच तिचा विसर पडला. वास्तविक, अशा रोगांना आवर घालण्याचे खरे कार्य दोन साथींमधील शांत काळातच करावयाचे असते. ते कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१९१८ चा अनुभव

जून १९१८ मध्ये मुंबईत तापाची साथ सुरू झाली. पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट मात्र प्राणघातक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू झाले. आगगाडीच्या मार्गाने रोग देशभर पसरला. मृतांच्या संख्येविषयीचे बहुतेक अंदाज सव्वा कोटी ते दोन कोटींच्या दरम्यानचे आहेत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्यानंतरच्या कोणत्याही जनगणनेत असे घडलेले नाही.

हा रोग विषाणूमुळे होतो, हे त्या वेळी कुणासही ठाऊक नव्हते. माणसातील इन्फ्लूएन्झाचा विषाणू लंडन येथील संशोधकांनी १९३३ मध्ये वेगळा केला. परंतु मृत्युसंख्या एवढी वाढण्यास केवळ अज्ञान कारणीभूत नव्हते. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, धान्य महागले होते, अनेक डॉक्टर महायुद्धाच्या कामावर गेलेले होते आणि गरिबांच्या खोल्यांत माणसांची दाटी होती. विषाणू बाहेरून आला. त्याला वाट मात्र या परिस्थितीने करून दिली.

नित्य सर्वेक्षण

इन्फ्लूएन्झाचा विषाणू आपले बाह्यस्वरूप सतत बदलत असतो. म्हणून त्याच्यावर सतत नजर ठेवावी लागते. या हेतूने जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ मध्ये प्रयोगशाळांचे जाळे उभारले. या जाळ्यातून मिळणाऱ्या माहितीच्या आधारे, पुढील हंगामाच्या लसीत विषाणूचे कोणते प्रकार असावेत, हे वर्षातून दोनदा ठरविले जाते. त्याच वर्षी पुणे येथे विषाणू संशोधन केंद्राची स्थापना झाली. १९७८ पासून ही संस्था राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची आणि २०२० मध्ये कोविडची साथ आली, तेव्हा रोगनिदानाचा पहिला भार याच संस्थेने उचलला. संकटाच्या दिवशी उपयोगी पडलेली ही संस्था त्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ शांतपणे काम करीत होती, ही गोष्ट विसरता कामा नये.

सर्वेक्षणाचा आरंभ मात्र प्रयोगशाळेत होत नाही. एखाद्या गावात एकाच आठवड्यात तापखोकल्याचे रुग्ण नेहमीपेक्षा अधिक आले, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील नोंदवहीवरूनच प्रथम ध्यानात येते. तीच गोष्ट पशुपक्ष्यांची. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. देशातील ही पहिलीच घटना होती. कोंबड्या मोठ्या प्रमाणावर नष्ट करण्यात आल्या आणि माणसांत त्या रोगाचा शिरकाव झाला नाही. कुक्कुटपालकाने मरतुकीची खबर वेळेवर द्यावी, यासाठी त्यास योग्य भरपाईची खात्री असावी लागते. नुकसानीच्या भीतीने खबर दडविली गेल्यास कोणतीही प्रयोगशाळा उपयोगी पडत नाही.

गोवर : लसीकरणाची कसोटी

श्वासावाटे पसरणाऱ्या रोगांत गोवर अत्यंत सांसर्गिक आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण सुमारे १२ ते १८ जणांना बाधा पोहोचवू शकतो. म्हणून त्याची साथ रोखावयाची तर शंभरांपैकी सुमारे ९५ बालके लसीने संरक्षित असावी लागतात. आपल्या देशात १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराच्या लशीचा समावेश होता. २०१० पासून दुसरी मात्रा देण्यास सुरुवात झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरणाची विशेष मोहीम हाती घेण्यात आली.

असे असूनही २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीसारख्या दाट वस्तीत, गोवराची साथ उद्भवली आणि बालके दगावली. कोविडच्या काळात नित्याच्या लसीकरणात जो खंड पडला, त्याची किंमत अशा वस्त्यांना द्यावी लागली. एका विषाणूशी लढताना दुसऱ्याविरुद्धचा बंदोबस्त ढिला पडला. संपूर्ण शहराची सरासरी समाधानकारक असली, तरी एखाद्या गल्लीत लस न घेतलेली मुले एकवटलेली असतील, तर साथ तेथेच पेट घेते. म्हणून टक्केवारीबरोबर वस्तीवार यादी आवश्यक ठरते. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड व वीटभट्टी कामगारांची मुले तर दोन्ही गावांच्या यादीतून निसटतात. त्यांची नोंद कुणी ठेवावयाची, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

हवा खेळती राहावी म्हणून

पटकीच्या साथी नळाच्या शुद्ध पाण्याने हटल्या. पाण्याच्या बाबतीत आपण जी दक्षता घेतो, ती बंदिस्त जागेतील हवेच्या बाबतीत अद्याप घेत नाही. खोकताना, बोलताना किंवा नुसता श्वास सोडतानाही सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि कोंदट खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. खिडक्या समोरासमोर उघड्या असल्या, तर हेच कण विरळ होऊन बाहेर जातात.

या बाबतीत मुंबईचा एक जुना नियम स्मरणीय आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार मंडळाची स्थापना झाली. प्लेगचा जंतू निराळा आणि त्याच्या प्रसाराची रीतही निराळी. परंतु त्या साथीमुळे घरांतील कोंदटपणाकडे लक्ष वेधले गेले. इमारतीसमोर तिच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा असावी, या अर्थाचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मंडळाने पुरस्कारिला. उजेड आणि वारा हा रहिवाशाचा हक्क मानण्याची ही दृष्टी होती. आज पुनर्विकासाच्या उंच इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहताना तिची आठवण ठेवणे हितावह ठरेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये कार्यालये, शाळा यांसारख्या जागांसाठी दर माणशी दर सेकंदास १० लिटर ताज्या हवेची शिफारस केली. हवा पुरेशी बदलते किंवा नाही, हे कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या लहानशा उपकरणाने कळू शकते. वर्गातील गंजून बसलेली खिडकी दुरुस्त करणे किंवा आरोग्य केंद्रात रुग्णांसाठी आतल्या खोलीऐवजी पडवीत बाके टाकणे, यास मोठा खर्च येत नाही.

आजारी माणसाची रजा

ताप असताना घरी थांबावे, हा सल्ला सोपा आहे. पाळणे सर्वांस सारखे सोपे नाही. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगारास आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. परंतु शेतमजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, नाक्यावर काम शोधणारे मजूर यांचा रोज बुडाला की चूल विझते. अशा माणसाने खोकत कामावर जाणे हा त्याचा हट्ट नव्हे. आजारपणातील मजुरीचा प्रश्न हा म्हणूनच रोगनियंत्रणाचाही प्रश्न आहे.

सज्जता टिकविणे

नंदुरबार जिल्ह्यात सप्टेंबर २०२० पासूनच प्राणवायूनिर्मितीची संयंत्रे उभारण्यास सुरुवात झाली होती. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठ्या शहरांत प्राणवायूसाठी नातेवाइकांची धावाधाव चालली असता, या आदिवासीबहुल जिल्ह्यास त्या पूर्वतयारीचा आधार मिळाला. पुढे राज्यात इतरत्रही अशी संयंत्रे बसविण्यात आली. परंतु यंत्र बसविणे आणि ते चालू स्थितीत ठेवणे ही दोन निराळी कामे होत. त्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ, वीजपुरवठा आणि देखभालीची वार्षिक तरतूद लागते. हीच गोष्ट प्रयोगशाळांची. २०२० च्या आरंभी कोविडची चाचणी देशात केवळ पुण्याच्या संस्थेत होत असे. पुढे अशा प्रयोगशाळांची संख्या दोन हजारांवर गेली. तेथील मनुष्यबळ विखुरले, तर पुढील साथीत पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागेल.

पुढील विषाणू कोणता असेल आणि तो केव्हा येईल, हे कुणी सांगू शकत नाही. पण आपल्या गावाची तयारी कितपत आहे, हे कुणासही पाहता येईल. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत चार प्रश्न अवश्य विचारले जावेत : लसीकरणाच्या यादीतून कोणती मुले सुटली आहेत? शाळेच्या आणि अंगणवाडीच्या खिडक्या उघडतात काय? तापाच्या रुग्णांची साप्ताहिक नोंद वर जाते काय? आणि जवळच्या रुग्णालयातील प्राणवायूचे संयंत्र अलीकडे केव्हा चालवून पाहिले? या प्रश्नांची उत्तरे साथ नसताना मिळविली, तर उणिवा दूर करण्यास वेळ मिळतो. साथ दारात आल्यावर तो मिळत नाही.