एवनसी वाचण्याआधी हिमोग्लोबिन बघा

उपाशीपोटी साखर 94, जेवणानंतर दोन तासांनी 126, आणि एचबीएवनसी मात्र 6.6. माझ्या रिपोर्टमधले हे आकडे एकमेकांशी जुळतच नव्हते. पण लॅबने शेवटचा आकडा जाड ठशात छापला होता, त्यामुळे घरात सगळ्यांची नजर तिथेच खिळली. सासूबाईंनी माझा चहा बिनसाखरेचा केला, नणंदेने कारल्याचा रस सांगितला, आणि पॅकेजसोबत मिळालेल्या फोनवरच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. हिमोग्लोबिन किती, हे कोणी विचारलं नाही. ते त्याच रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर होतं : 8.2.

एवनसी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं प्रमाण. पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून हा आकडा दोन-तीन महिन्यांचा अंदाज देतो. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्याच जास्त फिरत राहतात, आणि साखर न वाढताही एवनसी वर सरकू शकते. पाळीत खूप रक्त जाणाऱ्या बायकांनी हे जरूर लक्षात ठेवावं. याउलट नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल किंवा सिकलसेल असेल, तर एवनसी खोटीच कमी येऊ शकते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची घरं पुष्कळ आहेत. तिथे ‘एवनसी नॉर्मल’ एवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये, असं मला कळकळीने वाटतं. अशांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच बघावी.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचला आणि आधी लोहाची कमतरता भरून काढली. हिमोग्लोबिन 12च्या पुढे गेल्यावर एवनसी पुन्हा केली, ती 5.8 आली. मधुमेह नाही, पण 5.7 ते 6.4 हा काठ आहे, तेव्हा वर्षाची तपासणी चुकवायची नाही. त्रास काहीच नसेल तर एकाच रिपोर्टवरून मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, नाहीतर 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 200 किंवा जास्त, असं काहीतरी जोडीला दिसावं लागतं.

पॅकेजमध्ये उपाशीपोटीचं इन्शुलिनही होतं आणि त्यापुढे वर जाणारा बाण. त्यावरून मधुमेह ठरवत नाहीत. प्रत्येक लॅबची पद्धत आणि मर्यादा वेगळी; एकीचा आकडा दुसरीच्या तक्त्यात बसवू नका. आकडा जास्त असेल तर तेवढीच साखर आवरायला शरीराला जास्त इन्शुलिन लागतंय, असा अर्थ असू शकतो, पण तोही त्याच वेळच्या साखरेशेजारी ठेवून लावायचा. इन्शुलिनची इंजेक्शनं चालू असतील तर बाहेरचं इन्शुलिनही मोजलं जाऊ शकतं. मग डॉक्टर सी-पेप्टाइड करायला सांगतात.

रक्त देण्याआधी आठ तास पाण्याशिवाय काही नको, चहाचा घोटही नाही. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. घरी रक्त घ्यायला येणाऱ्या मुलाने साखरेसाठी करड्या झाकणाची नळी वापरली का, तेही बघा. तिच्यातलं फ्लोराइड पेशींना साखर वापरू देत नाही. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर साखर तासाला पाच-सात टक्क्यांनी घटते, आणि वाढलेली साखरही नॉर्मल दिसू शकते.

आणि आकडा खोटा वाटला तरी चालू गोळी आपल्या मनाने थांबवू नका. माझीही डॉक्टरांनी सांगितल्यावरच बंद झाली.