घसा बसला म्हणजे आवाज पिकला नव्हे

जयंतीच्या महिन्यात आपल्या गायन पार्ट्यांतली मुलेमुली रोज रात्री कुठल्या ना कुठल्या वस्तीत भीमगीते गात असतात. वैशाख पौर्णिमेपर्यंत त्यातल्या एखादीचा आवाज बसतो, तो उठतच नाही. घरचे म्हणतात, आवाज पिकतोय. मास्तर म्हणतात, रियाज वाढव. दोन्ही सल्ले नुकसान करणारे आहेत.

कंठमण्याच्या मागे दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते पुरुषांत सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा आणि स्त्रियांत सुमारे २०० वेळा एकमेकांवर आपटतात. वरच्या पट्टीत त्याहून कितीतरी अधिक. फावडे धरून हाताला घट्टे पडतात, तसे जोराने गाऊन स्वरतंतूंच्या कडांना पडतात. डॉक्टर त्यांना ‘नोड्यूल’ म्हणतात. हा कॅन्सर नव्हे. वरचे सूर निसटतात, सुराआधी नुसती हवा येते, संध्याकाळी आवाज घोगरा होतो.

घोगरेपणा तीन आठवडे टिकला, तर सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दुर्बिणीने तपासून घ्या. तंबाखू खाणाऱ्याने तर टाळाटाळ करूच नये. थुंकीतून रक्त आले, दम लागला किंवा मानेत गाठ लागली, तर तीन आठवडे थांबू नका.

घट्ट्यांवर पहिला उपाय ऑपरेशन नव्हे, व्हॉइस थेरपी. गाण्याची पद्धत तीच राहिली, तर कापलेले घट्टे पुन्हा येतात. स्पीच थेरपिस्ट बहुधा आठवड्याला एकदा बोलावतात. बाकी मेहनत घरी. त्यातला एक व्यायाम बघा. पेल्यातल्या पाण्यात नळी बोटभर रुंदीइतकीच बुडवायची आणि ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे. मग तोच सूर हळूहळू वर-खाली न्यायचा. नळीत अडलेल्या हवेचा दाब मागे येतो आणि स्वरतंतू आपटण्याऐवजी हलके टेकतात. गळ्याला ताण जाणवला तर थांबायचे. पुढे गाण्याची चालही अशीच नळीतून म्हणायला लावतात.

ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटते, पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंना लागत नाही. वाफ मात्र पोचते. पाणी दिवसभर प्यावे. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे, आणि सारखे खाकरणेही वाईट.

खरा दोष पुष्कळदा मंचावर असतो. बँजो-ढोलकीच्या दणक्यात गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो ओरडतो. एक स्पीकर त्याच्याकडे तोंड करून ठेवा. कॅसेटवर गाणे काळी चारला असेल, तर आपल्या मुलीनेही तिथूनच गावे असा काही नियम नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असताना जुन्या पट्टीचा हट्ट तर मुळीच नको.

मुंबईकरांसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. इतरांनी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात स्पीच थेरपीची चौकशी करावी. तिथे नुसते ‘घसा दुखतो’ सांगू नका. ‘मी गाते, वरचा सूर फाटतो’ असे सांगा आणि मोबाईलवर पूर्वीचे व आताचे गाणे नेऊन ऐकवा.