प्रकाशाने गार होणारे अणू

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. तुमच्या हिंदी पुस्तकातला 'परमाणु' म्हणजे मराठीतला 'अणू', आणि हिंदीतला 'अणु' म्हणजे मराठीतला 'रेणू'. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो, त्यामुळे मराठी विज्ञानलेख वाचताना आजही क्षणभर थांबतो. या लेखात अणू म्हणजे परमाणु.

लेसर म्हटले की कापणे, जाळणे आठवते. पण त्याच लेसरने अणू गारही करता येतात. उष्णता म्हणजे अणूंची धावपळ. साध्या खोलीत रुबिडियम वायूचा अणू सेकंदाला सुमारे 300 मीटर वेगाने धावतो. समोरून एक प्रकाशकण आदळला तर हा वेग सेकंदाला जेमतेम 6 मिलिमीटरने घटतो. म्हणजे थांबवायला पन्नास हजार धक्के हवेत! लेसर ते काही मिलिसेकंदांत देतो. शोषलेला प्रकाश अणू परत सोडतो, पण वाटेल त्या दिशेला. ते धक्के एकमेकांना खोडतात.

मग धक्का समोरूनच का बसतो? ग्वाल्हेर स्टेशनवर न थांबणारी गाडी जवळ येताना तिचा भोंगा चढ्या स्वरात ऐकू येतो, पुढे गेली की स्वर उतरतो. तसेच धावत्या अणूला समोरच्या प्रकाशाची कंपनसंख्या चढी भासते. म्हणून लेसर मुद्दाम किंचित उतरता ठेवतात. समोरचाच प्रकाश अणूशी जुळतो. सहा बाजूंनी किरण सोडले की पळायला वाट नाही, आणि तारेच्या दोन वेटोळ्यांचे चुंबकीय क्षेत्र अणूंना मधोमध धरून ठेवते. तेव्हा ते निरपेक्ष शून्यापासून एका अंशाच्या हजाराव्या भागाहूनही जवळ असतात. या कामासाठी स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांना 1997 चे नोबेल मिळाले.

हे सारे परदेशातच होते असे समजू नका. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात रुबिडियमचे अणू असेच पकडले गेले. त्या शोधनिबंधांवर मिश्रांच्या जोडीला मेहेंदळे हे आपले आडनावही आहे. या केंद्राचे पहिले संचालक डॉ. दिलीप भवाळकर. जन्म 1940, गाव सागर, शिक्षण सागर विद्यापीठात. पुढे इंग्लंडात साउदॅम्प्टनला पीएच.डी., मग मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात लेसरचे काम, आणि 1987 पासून 2003 पर्यंत इंदूर. सागर काही ग्वाल्हेरहून मोठे नव्हे.

पालकांपैकी काहींनी सुचविले आहे की बारावीचा प्रात्यक्षिकाचा तास कोचिंगला द्यावा. आम्ही तो देणार नाही. वरचा प्रयोग कागदावर अर्ध्या पानाचा आहे, पण प्रत्यक्षात आरसे केसभर हलवत, निर्वात नळीची गळती शोधत महिने जातात. ते हात शाळेतच तयार व्हायला लागतात. विश्वस्तांनीही प्रयोगशाळेतली जुनी भिंगे यंदा बदलावीत, ही विनंती.

अकरावी-बारावीच्या मुलांनी रविवारी पालकांसोबत फलाटावर उभे राहून भोंग्याचा स्वर केव्हा उतरतो ते वहीत टिपावे. सोमवारी तपासू.