आमच्या प्रदेशाची ओळख : नागपूरचा इतिहास, भूगोल व राज्यव्यवस्था

(रविवारच्या प्रौढ वर्गासाठी व उपदेशकांच्या उपयोगासाठी)

शास्त्रवाचन : यिर्मया २९:४–७, रोमकरांस १३:१–७, १ तीमथ्य २:१–४.

धड्याचा हेतू : ज्या भूमीत देवाने आपणांस ठेविले आहे तिची नीट ओळख व्हावी, आणि तिच्या कारभारात आपला वाटा कोणता हे प्रत्येक मंडळीस कळावे.

बाबेलास बंदिवान होऊन गेलेल्या यहूदी लोकांस यिर्मयाने जे पत्र पाठविले त्यात असे सांगितले आहे की, ज्या नगरात तुम्ही राहता त्याचे हित पाहा व त्यासाठी प्रार्थना करा. ते नगर त्यांचे नव्हते, त्याचा राजाही त्यांनी निवडला नव्हता. तरी ही आज्ञा त्यांस झाली. मग ज्या देशात आपण जन्मलो व ज्याचे अधिकारी आपल्याच मतांनी निवडले जातात, त्याचे हित पाहणे हे आपले किती मोठे कर्तव्य आहे! परंतु ज्याची ओळखच नाही त्याचे हित कोण कसे पाहील? ह्यास्तव आम्ही हा धडा देत आहो.

१. भूमी

नागपूर शहरास नाग नदीवरून नाव पडले. ह्या प्रदेशाच्या उत्तरेस सातपुड्याचे डोंगर असून जमिनीचा उतार बहुतेक दक्षिणेकडे आहे. कन्हान नदी पेंचेचे पाणी घेऊन वैनगंगेस मिळते. पश्चिमेकडून वर्धा येते व तीत पैनगंगा मिसळते. पुढे वर्धा व वैनगंगा ह्यांचा संगम होऊन प्राणहिता नदी होते, आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. ह्याप्रमाणे आमच्या शेतांतील पाणी अखेर पूर्वसमुद्रास जाते. वऱ्हाडातील पूर्णा नदी मात्र तापीस मिळून पश्चिमसमुद्राकडे वाहते.

नद्यांप्रमाणे पिकेही निराळी आहेत. वर्धेच्या खोऱ्यात व वऱ्हाडात काळी कसदार जमीन असल्यामुळे तेथे कापूस होतो. वैनगंगेच्या बाजूस, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूरचा काही भाग मिळून जी झाडीपट्टी होते, तेथे धान पिकते. धानासाठी पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले. ते पुढे मालगुजारी तलाव म्हणून प्रसिद्ध झाले. काटोल, नरखेड, वरुड व मोर्शी ह्या भागांत संत्र्यांच्या बागा आहेत. चंद्रपूर व उमरेड येथे दगडी कोळसा आणि रामटेकजवळ मनसर येथे मँगनीज सापडते.

२. इतिहास

प्राचीन काळी वाकाटक राजे येथे राज्य करीत; रामटेकजवळील नंदिवर्धन ही त्यांची एक राजधानी होती. पुढे देवगड व चांदा येथे गोंड राजे झाले. देवगडच्या बख्त बुलंद राजाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहर वसविले. त्याच शतकाच्या मध्यास रघूजी भोसले ह्यांनी येथे आपले राज्य स्थापिले. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई होऊन आप्पासाहेब भोसले ह्यांचा पराभव झाला, आणि तेव्हापासून खरी सत्ता इंग्रज रेसिडेंटाच्या हाती गेली.

ता. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले पुत्रावाचून मरण पावले. राण्यांनी दत्तक घेण्याचा हक्क सांगितला. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी ह्याने तो न मानता १८५४ साली राज्य खालसा केले. ह्या प्रसंगी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एक मनुष्य मेला आणि लक्षावधी लोकांचे राज्य बदलले. परंतु नांगर धरणाऱ्या एकाही शेतकऱ्यास त्याचे मत कोणी विचारले नाही. राज्य राजाचे होते, मग ते कंपनीचे झाले. रयतेचे ते कधीच नव्हते.

१८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. १८६७ साली मुंबईहून आगगाडी येथवर पोहोचली, आणि १८७७ साली जमशेटजी टाटा ह्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. ह्याच राजवटीत मालगुजारांस गावांची मालकी मिळाली. वऱ्हाड १९०३ साली मध्यप्रांतास जोडण्यात आला.

आमच्या मंडळ्यांच्या इतिहासाचा आरंभही ह्याच काळातील आहे. स्कॉटलंडचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ साली, भोसल्यांचे राज्य असतानाच, येथे आले. त्यांनी शाळा चालविल्या, गोंड लोकांच्या चालीरीतींची व भाषेची माहिती जमविली, आणि ह्या प्रदेशातील खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला. ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावले. १८८३ साली निघालेल्या नागपूरच्या कॉलेजास त्यांचेच नाव आहे. जो सुवार्ता सांगावयास आला त्याने ह्या भूमीचा दगडन्‌दगड अभ्यासिला; आपण तर येथलेच आहो.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. १९५० साली ह्या प्रांतास मध्यप्रदेश हे नाव मिळाले व नागपूर त्याची राजधानी राहिली. १९५१ साली मालगुजारी बंद झाली. भाषावार प्रांतरचनेचा विचार करण्यास नेमलेल्या आयोगाने १९५५ साली विदर्भाचे निराळे राज्य करावे असे सुचविले होते. परंतु ते झाले नाही. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी येथील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले व मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. ता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. नागपूर राजधानी राहिली नाही. तथापि १९५३ च्या नागपूर करारास अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरू लागले. त्यास लोक हिवाळी अधिवेशन म्हणतात.

३. राज्यव्यवस्था

आज विदर्भात अकरा जिल्हे आहेत. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली, आणि अमरावती विभागात अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सभासद असून त्यांपैकी ६२ विदर्भातून निवडून जातात.

गावच्या लोकांस सर्वांत जवळची सत्ता म्हणजे ग्रामपंचायत. तिच्यावर तालुक्याची पंचायत समिती व जिल्ह्याची जिल्हा परिषद असते. ह्या दोन्ही संस्था १९६१ च्या कायद्याने स्थापन झाल्या. जमिनीचे दप्तर मात्र तलाठ्याकडे असून त्यावर तहसीलदार व जिल्हाधिकारी असतात. पंचायतीचा कारभार निराळा व जमिनीचा निराळा, हे न कळल्यामुळे गरीब मनुष्य एका कचेरीचा अर्ज दुसऱ्या कचेरीत नेतो आणि व्यर्थ हेलपाटे घालतो.

ग्रामपंचायत ही निवडलेल्या सभासदांची सभा होय. परंतु ग्रामसभा ही गावातील सर्व मतदारांची आहे. अठरा वर्षांवरील ज्याचे नाव मतदारयादीत आहे, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, पुरुष असो वा स्त्री, तो तिचा सभासद आहे. ही सभा वर्षातून किमान चार वेळा भरवावी असा कायदा आहे. १८५३ साली ज्या रयतेस कोणी विचारले नाही, तिच्या मुलानातवंडांस आज विचारले जाते. आणि खेदाने लिहावे लागते की आमच्यातील पुष्कळ बंधुभगिनी त्या दिवशी घरीच बसतात.

४. एक उदाहरण

ह्यापासून नुकसान कसे होते ते दफनभूमीच्या उदाहरणाने कळेल. खेड्यांतील कित्येक लहान मंडळ्यांस आपली माणसे पुरण्यासाठी नोंदलेली जागा नसते. वाडवडील जेथे पुरले तेथेच पुढे चालते, आणि कोणी हरकत घेतली म्हणजे प्रेत दारात असताना भांडण उभे राहते. त्या वेळी तोंडी साक्ष उपयोगी पडत नाही. दप्तरातील नोंद उपयोगी पडते.

ह्यास उपाय आहे. स्मशान व दफनभूमी राखणे हे ग्रामपंचायतीच्या कामांपैकी एक काम आहे. आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यास सरकारी जमीन दफनभूमीसाठी राखून ठेवता येते. म्हणून मंडळीने प्रथम तलाठ्याकडून त्या जागेचा सातबारा पाहावा. मग ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. सर्वांनी ग्रामसभेस जाऊन ठराव मागावा. आणि तो ठराव जोडून तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज पाठवावा. हे काम मरणाच्या दिवशी नव्हे, तर घरी सर्व कुशल असताना करावे. अब्राहामानेही सारेच्या कबरेसाठी मकपेला येथील जागा घेतली ती नगराच्या वेशीत, सर्वांच्या देखत, पुरते मोल तोलून देऊन (उत्पत्ति २३).

५. उपदेशकांस सूचना

ग्रामसभेची तारीख कळताच ती उपासनेच्या शेवटी जाहीर करावी. बहिणींनीही जावे असे मुद्दाम सांगावे, कारण पाणी, शाळा व दवाखाना ह्यांची अडचण त्यांस अधिक कळते. सरपंच, सभासद व अधिकारी ह्यांच्यासाठी मंडळीत नेमाने प्रार्थना व्हावी. मत कोणास द्यावे हे मात्र उपदेशकाने सांगू नये. ती प्रत्येकाची देवासमोरील जबाबदारी आहे. आणि मागणी केवळ आपल्याच मंडळीसाठी करू नये. शेजाऱ्याच्या मोहल्ल्यातील विहीर आटली असेल, तर तिच्यासाठीही आपला हात वर व्हावा. नगराचे हित पाहा असे सांगितले आहे; आपल्या आळीचेच पाहा असे नाही.

वर्गासाठी प्रश्न

१. वर्धा व वैनगंगा ह्यांच्या संगमापासून कोणती नदी होते? ती कोणत्या नदीस मिळते?
२. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा का झाले? त्या वेळी रयतेचे मत कोणी घेतले काय?
३. ता. १ मे १९६० रोजी काय घडले?
४. ग्रामपंचायत व ग्रामसभा ह्यांत भेद कोणता?
५. आपल्या मंडळीच्या दफनभूमीची नोंद आहे काय? नसल्यास पहिले पाऊल कोण व कधी टाकणार?