भिजत घातलेली सकाळ

मनोरीहून मुंबई गाठायला दोन वाटा. एक म्हणजे फेरीबोटीने खाडी ओलांडून मार्वे आणि तिथून बसने मालाड स्टेशन. दुसरी म्हणजे गोराई-उत्तनवरून भाईंदरचा लांबलचक वळसा. नोकरदार माणूस पहिली धरतो, आणि ती धरायची तर घर लवकर सोडावं लागतं. त्यामुळे माझा नाश्ता वर्षानुवर्षं मालाड स्टेशनबाहेर उभ्याउभ्याच व्हायचा. बहुतेकदा वडापाव, कधी नुसता चहा. पन्नाशी ओलांडली, रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वर निघालं आणि डॉक्टर म्हणाले, "सकाळी ओट्स खात चला." रात्री भिजवायचे, सकाळी आयते खायचे, एवढं ऐकूनच मी खूश झालो. गोष्टी भिजत ठेवण्यात माझा हात आजवर कुणी धरलेला नाही. पण त्या काचेच्या बरण्यांनी मला नाश्त्यापेक्षा बरंच काही खायला घातलं. त्यातलं थोडं इथे वाढतो.

१. सोपा नाश्ता सोपा नसतो, त्याचे कष्ट आदल्या रात्रीवर ढकललेले असतात. रात्री दहा वाजता, जेवण झालेलं, डोळे मिटायला आलेले, अशा वेळी उठून बरणी धुवायची, कोरडी करायची, ओट्स मोजायचे, दूध-दही घालायचं, झाकण लावायचं. काम दहा मिनिटांचं, पण नेमकी तीच दहा मिनिटं सगळ्यांत जड. पहिल्या आठवड्यात ओट्याशी उभा असताना शेजारी बायको मटकी भिजत घालत होती. मग तिने कोथिंबीर निवडली, नारळ खवून फ्रिजमध्ये ठेवला. हे सगळं मी रोज पाहत आलोय आणि त्याला आजवर 'झोपण्याआधीची आवराआवर' म्हणत आलोय. ती आवराआवर नव्हती. तो माझा दुसऱ्या दिवशीचा डबा होता.

२. ओट्स नुसते भिजवून चालतात, कारण शिजवण्याचं अर्धं काम गिरणीत झालेलं असतं. मी पहिल्यांदा घाबरलोच होतो, कच्चं धान्य पोटात गेलं तर काय होईल म्हणून. पण या धान्यात इतर तृणधान्यांपेक्षा स्निग्धांश जास्त, आणि त्याला लवकर खवट वास येतो. तो येऊ नये म्हणून दाणे गिरणीतच वाफवतात, मग रुळांखाली दाबून पोहे करतात. हे जाड, सपाट पोहेच रात्रभर भिजवायला चांगले. दाणे नुसते कापून केलेले कण्यांसारखे ओट्स शिजवावेच लागतात. आणि दोन मिनिटांत होणारे बारीक ओट्स रात्रभर भिजवले, तर काय होतं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. धाकट्याने चमचा उभा करून पाहिला आणि म्हणाला, "बाबा, ही तर पतंगाची खळ!" माझं आताचं माप असं आहे: अर्धी वाटी, म्हणजे साधारण ४० ग्रॅम जाड ओट्स, तेवढंच किंवा थोडं जास्त दूध, दोन चमचे दही आणि एक चमचा भाजलेल्या जवसाची पूड. यापेक्षा मोठी विद्या मला अवगत नाही.

३. ज्याला मी आजकालचं फॅड समजत होतो, ते माझ्या आजोबांपेक्षा जुनं निघालं. स्वित्झर्लंडमध्ये माक्सिमिलियन बिर्शर-बेनर नावाचे डॉक्टर होते. १९०४ मध्ये त्यांनी झुरिकजवळच्या टेकडीवर आरोग्यगृह काढलं आणि तिथल्या रुग्णांना ते भिजवलेले ओट्स खायला देत. त्यांची कृती वाचून मी जरा ओशाळलो. ओट्स फक्त एक मोठा चमचा, तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवलेले. त्यात लिंबाचा रस, थोडं आटवलेलं गोड दूध, बदाम किंवा अक्रोडाचा कूट, आणि सालासकट किसलेलं अख्खं सफरचंद. म्हणजे तो पदार्थ मुळात फळाचा, ओट्स नुसते सोबतीला. मी मात्र ओट्सचा डोंगर करून वर केळ्याच्या चार चकत्या ठेवत होतो आणि स्वतःला आरोग्याचा पुजारी समजत होतो. आता प्रमाण फिरवलंय. सफरचंदच हवं असं काही नाही. घोलवडचे चिकू आहेत, पपई आहे, वसईची केळी तर आमच्या शेजारचीच. कधी आगाशीकडची सुकेळी मिळाली, तर साखर, मध, गूळ काहीच लागत नाही. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी रात्रभर दुधात फुगतात आणि सगळी बरणी गोड करतात. ती करणारी घरं आता फार उरली नाहीत, म्हणून मिळतील तेव्हा मी कंजुषीने वापरतो.

४. आईला नवीन काही सांगायला गेलं की आपण किती जुने आहोत ते कळतं. मी तिला बरणी दाखवली. तिने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, रात्री भिजवायचं नि सकाळी खायचं, मग आंबील काय वेगळी असते?" तिच्या माहेरी नाचणीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचे. सकाळी ते आंबूस झालेलं पीठ पाण्यात शिजवून, मीठ-जिरं घालून प्यायचं आणि कामाला लागायचं. मी हट्टाने दोन्हींची तुलना करायला बसलो. नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, ओट्समध्ये पन्नासच्या आसपास. प्रथिनांत मात्र ओट्स पुढे, नाचणीच्या जवळजवळ दुप्पट. सामना बरोबरीत सुटला. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, तेही भारताच्याच प्रस्तावावरून, हे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता तरी खाशील." हल्ली आठवड्यात काही दिवस ओट्स, काही दिवस आंबील असं चालतं. आंबिलीत गुठळ्या न होऊ देण्याचं कसब मात्र अजून तिच्याच हातात आहे.

५. बरणी औषध नाही, हे मला हिशोब मांडल्यावर कळलं. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो आतड्यात बुळबुळीत होऊन पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतो. मग नवीन पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. कारभार असा सरळ आहे. पण अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने १९९७ मध्ये पाकिटांवर तसा दावा करायला परवानगी दिली ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या मापावर, आणि तेही एकूण आहारात वाईट चरबी कमी असेल तर. माझ्या ४० ग्रॅमच्या बरणीतून मिळतात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. म्हणजे सकाळी बरणी आणि संध्याकाळी मालाडला भजी, या समीकरणाला शास्त्राचा काही आधार नाही. हे समजल्यावर दोन दिवस मी ओट्सवर रुसलो होतो. मग लक्षात आलं, सकाळचा वडापाव गेला हेच निम्मं काम झालंय. गोळी डॉक्टरांनी चालूच ठेवली आहे, आणि मी वाद घातलेला नाही.

६. मराठी जिभेला सकाळी फोडणी लागते. गोड ओट्स चार दिवस कौतुकाने खाल्ले, पाचव्या दिवशी मन कढीपत्त्याकडे धावू लागलं. मग दडप्या पोह्यांची आठवण झाली. तेही ओलं खोबरं, कांदा, मिरची घालून दडपून ठेवायचे आणि मुरले की खायचे, त्यांनाही थांबावंच लागतं. आता ओट्स रात्री ताकात भिजवतो. सकाळी कोचवलेली काकडी, मीठ, हिरवी मिरची, मूठभर दाण्याचा कूट घालतो आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी ओततो. अंघोळीला जाताना बरणी फ्रिजबाहेर काढून ठेवतो म्हणजे गारठा मोडतो. नाहीतर "सकाळी सकाळी गार खाऊन घसा धरेल" हे वाक्य घरात कुणीतरी म्हणतंच. तयार मसाला ओट्सची पाकिटं मीही आणली होती, खोटं कशाला बोलू. पण पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं एकदा वाचली, त्यातलं मिठाचं प्रमाण पाहिलं आणि फोडणीची पळी परत खाली काढली.

७. आधी करून ठेवण्याच्या बाबतीत माझ्या गावाला मी काही शिकवू शकत नाही. ऑफिसातली तरुण मंडळी रविवारी आठवड्याचं जेवण करून ठेवण्याबद्दल फार उत्साहाने बोलतात. मी मान डोलावतो आणि आमच्या किनाऱ्यावरच्या मासळी वाळवायच्या वलांड्या आठवतो. पावसाळा सोडला तर तिथे बोंबील जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून वाळत असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, समुद्र खवळलेला. त्या दिवसांचं कालवण उन्हाळ्यातच वाळवून ठेवलेलं असतं. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात मिरच्या वाळतात, मसाले एकेक करून भाजले जातात आणि वर्षभराचा मसाला गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरला जातो. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, ही बेगमी करणाऱ्या बायका एका रात्रीपुढचं नाही, एका ऋतूपुढचं बघतात. आणि त्यांची ही शिस्त मला रोज उपयोगी पडते. ओट्सचं पाकीट एकदा फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात, हे त्यांच्याच तालमीतलं. आमच्या खाऱ्या, दमट हवेत उघडं पाकीट मऊ पडतं आणि पावसाळ्यात त्यात पोरकिडे संसार थाटतात. वाळवलेलं टिकतं, भिजवलेलं टिकत नाही. म्हणून दुधात भिजवलेली बरणी फ्रिजमध्येच, आणि तीही दोन-तीन दिवसांच्या आत संपवायची. रात्रभर वीज गेली असेल तर सकाळी हळहळत बसत नाही, बरणी सरळ रिकामी करतो.

८. वाचलेला वेळ हातात राहत नाही. मला वाटलं होतं, नाश्ता तयार असला की सकाळी निवांत पेपर वाचेन. तसं झालं नाही. दहा मिनिटं वाचली तशी मी दहा मिनिटं उशिरा उठू लागलो, आणि धक्क्यावर पूर्वीसारखाच धापा टाकत पोहोचतो. आमचे मच्छीमार शेजारी भरती-ओहोटीप्रमाणे दिवस आखतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तसं त्यांचं उठणं-निघणंही सरकतं, तरी त्यांची घाई कधी दिसत नाही. माझी लोकल रोज त्याच मिनिटाला आहे आणि मी रोज उशिरा आहे. याला ओट्स जबाबदार नाहीत.

९. रविवारी बरणी बंद. हा नियम मी फार विचार करून केलेला नाही, तो आपोआप झाला. त्या दिवशी शेजारच्या ईस्ट इंडियन घरून फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, येतात, घरात मासळीचा वास असतो, आणि ओट्स काढायची माझी हिंमत होत नाही. सोमवारी जास्त आवडीने खातो, हे मात्र खरं. पथ्य पाळायचं तर ते मोडायचा दिवस आधीच ठरलेला असला पाहिजे, नाहीतर ते बुधवारी दुपारी, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकवर मोडतं.

१०. एकट्यापुरतं आदल्या रात्री काही करून ठेवणं, हा आमच्या घरात मी लावलेला शोध. फ्रिजमध्ये तीन बरण्या ओळीने लावून मी अभिमानाने उभा होतो. बायकोने दार उघडलं, बरण्या मोजल्या आणि शांतपणे विचारलं, "अहो, यातली माझी कुठली?" तिन्ही माझ्याच होत्या. सोमवारची, मंगळवारची आणि बुधवारची. मटकी, नारळ, कोथिंबीर, आंबिलीचं पीठ, बाटलीतला मसाला, सुके बोंबील. आजवर या गावात आणि या घरात जे जे आधी करून ठेवलेलं मी खाल्लं, त्यातलं काहीही करणारीने स्वतःपुरतं केलेलं नव्हतं. आता रात्री मी दोन बरण्या भरतो. तिची बरणी तिला फारशी आवडत नाही. मीठ कमी पडतं, दही आंबट निघतं, काकडी जाड चिरलेली असते, हे ती रोज सांगते. तीस वर्षं डब्याबद्दल मी हेच सांगत आलोय, त्यामुळे उत्तर द्यायला मला तोंड नाही. तुमच्या घरात रात्री दहानंतर ओट्याशी कोण उभं असतं, तेवढं एकदा बघून या. ओट्स किती आणि दूध किती, ते मागाहून ठरवता येईल.